दुसरं पिल्लू

"पाह्यलं का ऐकलं?" मिर्झा वकिलांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

सनद घेऊन मी बुलढाण्यात त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून लागलो, त्या पहिल्या सकाळची गोष्ट. मी धापा टाकत त्यांच्या ऑफिसात शिरलो आणि बातमी दिली, "साहेब, जज साहेब आज रजेवर आहेत." त्यांनी फाइलमधून डोकं वर न काढता तो प्रश्न विचारला. "ऐकलं," मी म्हणालो, "बाररूममध्ये सगळेच म्हणताहेत." "मंग कोट घाल अन् चाल." आम्ही पोचलो तेव्हा जज साहेब खुर्चीत बसलेले होते आणि आमच्याच प्रकरणाचा पुकारा होत होता. रजेच्या बातमीवर विसंबलेले विरुद्ध बाजूचे वकील खाली चहा पीत होते.

हा प्रश्न त्यांनी कुणाला सोडला नाही. भाजीवाल्याला, मौलवी साहेबांना, लग्नाचं स्थळ घेऊन आलेल्या सोयऱ्यांना. "पोरगा दारू पीत नाई म्हणता, पाह्यलं का ऐकलं?" म्हणून लोक त्यांच्यासमोर जपून बोलत. त्यांनी मात्र कोर्टात एकदा "माझ्या माहितीप्रमाणे" असं म्हटलं की समोरचा वकील युक्तिवाद आवरता घेई.

पक्ष्यांचा नाद त्यांना साठीच्या आसपास लागला. "दिवसभर बोलणारे साक्षीदार पाह्यतो, संध्याकाळी न बोलणारे पाहू द्या," असं म्हणायचे. गळ्यात जुनी दुर्बीण, पायात कोर्टाचेच काळे बूट. कधी आम्ही लोणारच्या विवराच्या काठावर जाऊन बसायचो, कधी घाटातल्या एखाद्या टेकाडावर. तिथंही त्यांचं कोर्ट चालू असे. मी एकदा ओरडलो, "साहेब, नीळकंठ!" "पंख उघडले तवा निळे दिसले?" "उघडले नाहीत." "खारीज." पुराव्यानिशी पटलं तर "कबूल", नाहीतर "खारीज". मधली गोष्ट त्यांच्याकडे नव्हती.

त्यांचा हात कापतोय हे मला लोणारला कळलं. तळ्यावर रोहित पक्षी आले होते. साहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावली, खाली घेतली, पुन्हा लावली. "पाणी लय हलून राह्यलं आज," ते म्हणाले. पाणी आरशासारखं स्थिर होतं. बऱ्याच वेळानं त्यांनीच दुर्बीण मांडीवर ठेवली आणि उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला.

"पाणी नाई, गजानन. हात."

डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता. घरी मुलगी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. कोर्टात ते उजवा हात कोटाच्या खिशात ठेवू लागले. पाण्याचा ग्लास मी आधीच अर्धा करून ठेवू लागलो. दुर्बीण मात्र त्यांनी खुंटीला लावली ती लावलीच. मी म्हणायचो, चला साहेब, मी बघून सांगतो. "तू पाह्यशीन, म्या ऐकीन. ऐकीव पुरावा म्या कधी घेतला का बे? अन् हा हात तर फितूर साक्षीदार झाला. याचं बयान तर मुळीच नाई."

वर्षभर त्यांनी एकही पक्षी कबूल केला नाही.

मग घुबडाचं प्रकरण उभं राहिलं. मोताळ्याच्या अंगाला घाट उतरताना भास्करभाऊंची गिट्टीची खदान आहे. तिच्या समोरच्या टेकाडावर मी एका संध्याकाळी माझी साधी दुर्बीण घेऊन एकटाच गेलो होतो. खदानीच्या वापरात नसलेल्या कड्यावर, एका कपारीत, शृंगी घुबडाची मादी बसलेली दिसली. ती जरा सरकली आणि तिच्या पोटाशी पांढुरकं, कापसाच्या बोळ्यासारखं एक पिल्लू हललं. त्याच्या मागं अजून काहीतरी फिकट होतं. पिल्लू असेल, दगड असेल. अंधारून आलं आणि मी उतरलो.

खाली भास्करभाऊ भेटले. सोमवारपासून त्याच कड्याला सुरुंग लावायचे होते. भोकं पाडायची मशीनही येऊन उभी होती. मी त्यांना सांगितलं की कपारीत घुबडाची पिल्लं आहेत.

"माणसं त म्हणतेत थे अपशकुनी हाय, उडवून द्या. किती पिल्लं हायेत?"

"दोन," मी म्हणालो.

एकापेक्षा दोनाला वजन जास्त, एवढाच हिशेब त्या क्षणी माझ्या डोक्यात होता.

भास्करभाऊ वाईट माणूस नव्हे. ते हसले. "वकील लोक तुमी. एकाचे दोन करानं तुमचा धंदाच हाय. पण मिर्झा साहेबानं सोता पाह्यलं म्हणून सांगितलं, त म्या थो कडा महिनाभर सोडतो. दुसऱ्या कोनाचं नाई चालनार." त्यांच्या जमिनीचा दावा साहेबांनी लढवला होता, आणि भास्करभाऊंनी आणलेला एक पढवून तयार केलेला साक्षीदार साहेबांनी तेव्हा दारातूनच परत पाठवला होता. ती गोष्ट ते विसरले नव्हते. वनखात्याकडे अर्ज करता आला असता, तो मी केलाही. पण अर्जावर कुणी येऊन बघेपर्यंत सुरुंग थांबत नाही, हे वकिलाला वेगळं सांगावं लागत नाही.

मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, "तुम्ही फक्त पाहिलं म्हणून सांगा. मी पाहिलंय ना."

"तू पाह्यलं. म्या ऐकलं."

"साहेब, सोमवारी कडा उडेल."

त्यांनी खिशातला हात बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि माझ्यादेखत त्याला कापू दिलं. टेबलावरचं पेन त्या हादऱ्यानं हळूहळू काठाकडे सरकत गेलं. "हात कापत असून चित्र स्थिर दिसते, अशी दुर्बीण निघाली म्हणतेत. चाल, आणू."

दोन रात्री मी मोबाइलवर त्या दुर्बिणींबद्दल वाचत बसलो. आत एक यंत्रणा असते. बटण दाबलं की हाताचा हादरा ती शोषून घेते आणि चित्र जागच्या जागी थबकतं. शनिवारी आम्ही औरंगाबादला गेलो. दुकानात दोन होत्या. एक लहान, दहापट दाखवणारी, एका हातात मावणारी. दुसरी चौदापट दाखवणारी, वजनानं दुपटीपेक्षा जास्त.

साहेबांनी दुकानातल्या पोरीची उलटतपासणी घेतली. "बटन दाबूनच धराले लागते, का एकडाव दाबलं की राह्यते?" एकदा दाबलं की राहतं, ती म्हणाली. "चष्मा न काढता पूर्ण गोल दिसते?" दिसतो. "सेल रानात संपले त?" तर साधी दुर्बीण म्हणून चालते. "सेल आपल्या बुलढाण्यात भेटतेत, का इथंच यावं लागते?" पोरगी हसली. "कुठंही मिळतात, काका."

लहान दुर्बीण त्यांनी दारात उभं राहून डोळ्याला लावली. बटण दाबलं. ते एकदम स्तब्ध झाले. समोरच्या इमारतीवरच्या टाकीवर एक कबूतर होतं. "मानेवरचा हिरवा रंग," ते म्हणाले. "कबूल." वर्षभरानं तो शब्द ऐकला मी.

मोठी त्यांनी उचलली आणि लगेच काउंटरवर टेकवली. "जड हाय बे."

आता जे सांगतो ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. मोठी दुर्बीण मी तोवर माझ्या डोळ्यांना लावून पाहिली होती. तिच्यातून त्या कबुतराच्या पापणीची कड दिसत होती. मला ती सोडवेना. मी त्यांना पटवलं. कडा लांब आहे, कपार अंधारी आहे, दहापटीत पिल्लू नीट ओळखू आलं नाही तर तुम्हीच खारीज कराल. वजनाची सवय होईल. प्रत्येक मुद्दा बरोबर होता, आणि एकही मुद्दा त्यांच्यासाठी नव्हता. साहेबांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "तू वाचून आला. तूच सांग," म्हणाले, आणि मोठी घेतली.

रविवारी उन्हं कलल्यावर आम्ही तिघं टेकाडावर चढलो. साहेब, मी आणि भास्करभाऊ. समोर कड्याच्या माथ्यावर मशीन उभी होती. मी बोटानं कपार दाखवली. साहेबांनी दुर्बीण उचलली. बटणाजवळचा दिवा लागला. चित्र थांबलं असावं, कारण त्यांचा चेहरा सैल झाला, पण श्वासभरच. मग वजनानं दंड थरथरू लागले. मनगटाचा हादरा यंत्र सांभाळत होतं, खांद्यापासून येणारा हादरा त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. दुर्बीण खाली आली. पुन्हा वर गेली. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा ती डोळ्यापर्यंत पोचलीच नाही.

त्यांचा हात कापतो हे भास्करभाऊंना तेव्हा कळलं. त्यांनी मान वळवली आणि उगाच खालच्या ट्रककडे पाहू लागले. मग तसंच पाठमोरं म्हणाले, "साहेब, कायले त्रास घेता? नुसतं पाह्यलं म्हना. म्या कुठं शपथ घ्या म्हणतो?"

कड्यावरची सावली कपारीच्या जवळ सरकली होती. थोड्या वेळात तिथं अंधार भरणार होता. मी साहेबांच्या कानाशी म्हणालो, "म्हणा साहेब. एक शब्द. त्या जिवांसाठी."

ते माझ्याकडे वळले. इतकं चिडलेलं मी त्यांना कोर्टातही पाहिलं नव्हतं. "गजानन, खाली बस."

"साहेब..."

"माह्यासमोर बस. कड्याकडे तोंड कर."

मी उकिडवा बसलो. ते माझ्या मागं गुडघ्यावर टेकले आणि दुर्बीण त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावर ठेवली. "दम धर."

मी श्वास रोखला. वर्षभर खिशात लपवलेला तो हादरा आता माझ्या खांद्याच्या हाडातून आत येत होता. तो एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. छाती फुटायला आली. "सोड," ते म्हणाले. मी श्वास सोडला. "धर." माझ्या कानाजवळ बटण टचकन वाजलं. समोरचं मला साध्या डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं, फक्त एक काळी रेघ. ती अंधारात बुडते की काय, एवढंच मी पाहत होतो. पुन्हा सोड, पुन्हा धर. कितीदा, आठवत नाही.

मग माझ्या मानेवर त्यांचा उसासा आला. "माय हाय. डोळे नारंगी. पोटाखाली पिल्लू. चोच उघडली त्यानं." जरा थांबून म्हणाले, "एक."

"दोन आहेत साहेब," मी पुटपुटलो. "मागच्या बाजूला बघा."

"मांगं गोटा हाय."

ते माझ्या खांद्याचा आधार घेत उठले, पँटची धूळ झटकली आणि कोर्टात उभं राहावं तसे भास्करभाऊंसमोर उभे राहिले. उजवा हात त्यांनी खिशात घातला नाही.

"भास्करराव, एक पिल्लू पाह्यलं. दुसरं ऐकलं."

माझी मान खाली गेली. एकाच पिल्लावर हा माणूस कडा सोडेल का, दोन सांगितली असती तर काय बिघडलं असतं, तेव्हाही मी हेच मनात म्हणत होतो. भास्करभाऊ माझ्याकडे पाहत होते. मग मोठ्यानं हसले. "काऊन हो साहेब, तुमचाच ज्युनियर फितूर निघाला?"

"कच्चा हाय," साहेब म्हणाले. "पिकीन."

"दिला महिना," भास्करभाऊ म्हणाले. "ज्युनियरचेच दोन सांगतले असते, त म्या ऐकीव समजून मशीन लावनार होतो."

घरी परतताना साहेब गाडीत फक्त एकच वाक्य बोलले. "जड हाय बे." मी कबूल करायला तोंड उघडलं आणि गिअर बदलला.

महिन्याच्या शेवटी ते एकच पिल्लू कड्यावरून चालत, फडफडत पलीकडच्या झुडपात गेलं. तेही साहेबांनी माझ्या खांद्यावरूनच पाहिलं. त्यानंतर ती दुर्बीण अशीच चालली. मी गेलो की ते पाहायचे. माझ्या तारखा असल्या, घरचं काही असलं, की ती कपाटात. लहान घेतली असती तर गच्चीवर, कठड्याला कोपर टेकून, ते रोज संध्याकाळी एकट्यानं पाहू शकले असते. आणि याहून वाईट म्हणजे, त्यांना माझा खांदा लागतो याचं मला बरं वाटत असे.

ते गेले तेव्हा मी नागपूरला तारखेवर होतो. मी पोचेपर्यंत कब्रस्तानात मिट्टी देऊन झाली होती. त्यांची मुलगी शबाना, खामगावला शाळेत शिकवते, तिनं दुर्बिणीची पेटी माझ्या हातात दिली. "अब्बा म्हणाले, गजाननले दे. त्याच्याच हाताच्या मापाची हाय."

माझा चेहरा पाहून ती घाईनं म्हणाली, "रागानं नाही हो दादा. हसून म्हणाले."

ते हसणं मी ऐकलं. पाहिलेलं नाही.

या वर्षी भास्करभाऊंचा फोन आला. "वकीलसाहेब, त्याच कड्यावर घुबड दिसलं म्हणतेत माणसं. परवा सुरुंग हाय. या एकडाव."

आम्ही दोघं टेकाडावर चढलो. माझंही वय पन्नाशीला टेकलंय. ती दुर्बीण डोळ्याला लावून धरली तर थोड्याच वेळात दंड भरून आले. दुकानात हे वजन मला का कळलं नव्हतं? मी खाली बसलो, गुडघ्यांवर कोपरं रोवली, श्वास धरला आणि बटण दाबलं. कपारीत मादी होती. नारंगी डोळे. पोटाखाली सावली. ऊन जाईपर्यंत मी पाहत राहिलो. ती हलली नाही.

"किती पिल्लं?" भास्करभाऊंनी विचारलं. त्यांची नजर माझ्यावर होती.

घशाशी एक आकडा आला होता. तो मी गिळला.

"मादी पाहिली. पिल्लू अजून पाहिलं नाही."

"मंग?"

"मग उद्या पुन्हा येतो."

भास्करभाऊंनी कड्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या दुर्बिणीकडे. खिशातून मोबाइल काढून त्यांनी खदानीवर फोन लावला. "मशीन खाली घे बे," ते म्हणाले. "वकीलसाहेबाचं पाहानं अजून चालू हाय."