दैवशालाबाईंनी वाचलेली ओळ

जाफराबादहून चार कोसांवर, मुरमाड माळाच्या कडेला दैवशालाबाईंचं घर. शिक्षण सातवीपर्यंतच, पण आळीतल्या बायकांचं सगळं वाचन त्यांच्याकडं. कुणाचं बँकेचं पत्र, कुणाची औषधाची चिठ्ठी. बाई एकेक अक्षर बोटाखाली धरून सावकाश वाचत, आणि काय वाचलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवत. "दैवशालाबाईनं वाचलं" म्हटलं, की पुढं कुणी काही विचारत नसे.

यंदा मे महिन्यात बायका सोयाबीनचं नवं वाण घ्यावं का, म्हणत होत्या. बाईंनी मोबाईलवर कंपनीची वेबसाईट उघडून वाचून दाखवली : 'हलक्या, मुरमाड जमिनीतही हमखास येणारे वाण.' नऊ जणींनी पेरलं. पावसानं ओढ दिली. शेजारचं जुनं वाण कसंबसं तगलं, हे मात्र उभ्यानं वाळलं.

जुलैत तक्रार गेली. ऑगस्टात कंपनीचा माणूस पाहणीला आला आणि पारावर सगळ्यांदेखत हसत म्हणाला, "हे वाण भारी जमिनीचं. हलकी जमीन आम्ही कधी लिहिलीच नाही. ताईंनी वाचताना चूक केली असेल."

बाईंनी मोबाईल उघडला. खरंच, ती ओळ तिथं नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजारीण कडूबाई नातवाच्या दवाखान्याचा कागद घेऊन बाईंच्या दारावरून तशीच पुढं गेली, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला. बाई ओसरीत ज्वारी पाखडत होत्या. सूप हातातच राहिलं. पीक गेलं ते आभाळानं आणि त्या बियाण्यानं. पण तीस वर्षांचा शब्द त्या माणसानं एका हसण्यात नेला, हे त्यांना गिळवेना. रागानं कानशिलं तापली. त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळून काखेत मारलं आणि जीपनं जाफराबाद गाठलं.

स्टँडाजवळ हरिओमचं ऑनलाईन सेंटर.

"हरिओम, वेबसाईटवरचं लिहिलेलं पुसता येतं का रे?"

"येतं की काकू. पण जुनी पानं जपून ठेवणारी एक साईट हाये. भरतीच्या जुन्या जाहिराती मी तिथूनच काढून राह्यलो. तारीख ध्यानात हाये का?"

"ध्यानात कशाला? लिहिलेली हाये. बारा मे."

हरिओमनं कंपनीच्या वेबसाईटचा पत्ता टाकला. पडद्यावर कॅलेंडर उघडलं. ज्या दिवशी पानाची नक्कल घेतली, त्या तारखेवर निळा ठिपका. बाई पुढं वाकल्या.

"अगं बाई! हे तर माझ्यावानीच चौकोनात ठेवून राह्यले."

बारा मेला ठिपका नव्हता. नऊ मेला होता. पान सावकाश उघडलं आणि ती ओळ जशीच्या तशी समोर आली. ऑगस्टच्या दोन तारखेचं पान उघडलं, तर ओळ गायब.

"म्हंजे मागाहून पुसली," हरिओम म्हणाला.

"अन् वरून मलाच खोटं पाडलं! काढ, दोन्ही कागद काढ. तारखा बराबर दिसू दे."

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यासोबत पुन्हा पारावर आला. बायका आधीच जमल्या होत्या. बाईंनी नऊ मेचा कागद त्याच्या हातात दिला.

"वाचा."

"ताई, हे जुनं..."

"जुनंच हाये. आम्ही पेरलं तव्हाचं. माझ्या वाचण्यावर तुमचा भरवसा न्हाई ना? मंग तुम्हीच वाचा."

तो पुटपुटला. "जोरानं वाचा की, भाऊ," मागून कडूबाई ओरडली, "हसताना तर आवाज मोठा होता!" त्यानं वाचलं. हलक्या, मुरमाड जमिनीतही. अधिकाऱ्यानं दोन्ही कागद मागून घेतले आणि तारखा आपल्या पंचनाम्यात लिहून घेतल्या.

बायका उठल्या तशी कडूबाई जवळ सरकली. पदराआडून तिनं दवाखान्याचा तोच कागद काढला.

"ज्याच्याकडं नेला, त्यानं कायतरी भलतंच वाचलं वाटतं. तू बघतीस का?"

दैवशालाबाईंनी कागदाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

"आज न्हाई. आज मला लई राग हाये, तुझाबी. उद्या सकाळी ये."