सरांचं सागवानी कपाट

"आधी पाठ दाखवा," असं म्हणून सर दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता सरळ कपाटाच्या मागे जाऊन उभे राहायचे. दुकानदार पुढून आरसा, मुठी, पॉलिश दाखवत असायचा आणि सर मागच्या फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करत असायचे. पुढची बाजू पाहुण्यांसाठी असते, मागची फक्त भिंतीसाठी, आणि माणूस लबाडी करतो ती मागच्याच बाजूला, असं त्यांचं म्हणणं होतं.

आखाडा बाळापूरच्या जिल्हा परिषद शाळेत आम्ही बारा वर्षं एका स्टाफरूममध्ये बसलो. ते गणित शिकवायचे, मी मराठी, आणि एकमेकांना आम्ही सरच म्हणायचो. गावात कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणी नवं घर बांधलं, की पहिला निरोप सरांना जायचा. आपल्याकडे लेकीला पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल द्यावं लागतं आणि ते मांडवात चारचौघांसमोर मांडावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. अशा वेळी सर बरोबर असले की बापाचा जीव थाऱ्यावर असायचा. वारंगा फाट्यावरचे फर्निचरवाले त्यांना लांबून ओळखायचे. एक जण तर ते दिसले की आधी चहा मागवायचा. सर चहा प्यायचे आणि मग ड्रॉवर ओढून उलटे करायचे.

माझ्या सोफ्याची गोष्ट सांगतो. मला तो एका नजरेत आवडला होता आणि मी पाकीट काढायच्या बेतात होतो. सरांनी सोफा दुकानाच्या मधोमध उताणा केला आणि खालचं काळं कापड एका कोपऱ्यातून उचकटून आत हात घातला. आतून सफरचंदाच्या पेटीची फळी निघाली, तिच्यावर लाल सफरचंदाचं चित्र शाबूत होतं. दुकानदार म्हणाला, कारागिराची चूक झाली. सर म्हणाले, व्हय, फळी उलटी ठोकायची राहिली. त्या दिवशी मी सोफा घेतला नाही.

घेतला तो पितृपक्षात. हा सरांचा खास डाव होता. त्या पंधरवड्यात नवी वस्तू कुणी घरात आणत नाही आणि दुकानदार माश्या मारत बसतात. सर बरोबर तेव्हाच जायचे, पॉलिश न केलेला कच्चा माल बघायचे, म्हणजे लाकडाच्या गाठी आणि भेगा उघड दिसतात. भाव ठरवून, थोडे पैसे देऊन वस्तू दुकानातच ठेवायचे आणि दसऱ्याला घरी आणायचे. म्हणजे पितरांचा मान राहिला आणि आपले पैसेही वाचले. माझा सोफा अजून कुरकुरत नाही. सर निवृत्त होऊन नांदेडकडे गेले, त्यालाही आता काही वर्षं झाली. दुकानात गेलो की मी आपला उगीच मागच्या फळीवर टकटक करून बघतो, मला त्यातलं काही कळत नाही.

एवढ्या हुशार माणसानं स्वतःच्या घरात काय केलं ते आता ऐका.

बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत सर आणि वहिनी भाड्यानं राहायचे. मुलगी लग्न होऊन गेलेली. वहिनींच्या माहेरच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सागाची झाडं होती, त्यातलं एक त्यांच्या वडिलांनी लेकीच्या नावानं राखलेलं. ते पाडून लाकूड आलं तेव्हा सरांनी हिशोब मांडला. दुकानदाराचा नफा नको, टेम्पोचं भाडं नको. ऐन पावसाळ्यात मिस्त्री रिकामे असतात, तेव्हा मिस्त्रीला घरी बसवायचा, दोन वेळचं जेवण द्यायचं आणि डोळ्यांसमोर काम करून घ्यायचं. दीड महिना मिस्त्री त्या खोलीत रंधा मारत होता आणि वहिनी भुसा झाडत होत्या. कपाट उभं राहिलं ते आठ फूट रुंद आणि सात फूट उंच. भिंतीला पाठ लावून बसवलं, त्यामागे खोलीतली एकुलती खिडकी झाकली गेली. त्यात एकही खिळा नव्हता, लाकडात लाकूड अडकवून, सरस भरून सगळं कायमचं जोडलेलं. सर येईल त्याला हे सांगायचे.

काम संपल्यावर मिस्त्रीनं दाराकडे बघून विचारलं होतं, सर, हे भाईर कसं काढाचं? दार सहा फूट उंच, जिना एकाच्या अंगावरून दुसरा जाईना एवढा अरुंद. सर म्हणाले, भाईर काढाचं काहून?

हे त्यांनी मला स्वतः हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा मीही हसलो होतो.

दोन वर्षांनी खालचं दुकान बदललं आणि तिथं हळद-मिरची दळायची गिरणी आली. आमच्याकडे हळद किती निघते ते तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी नऊला गिरणी सुरू झाली की जिन्यापासून ठसका लागायचा. पायऱ्या पिवळ्या, कठडा पिवळा, सरांच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर पिवळी. वहिनींना आधी खोकला लागला, मग धाप लागायला लागली. डॉक्टरांनी औषधं दिली आणि वर सांगितलं की औषधाचा उपयोग नाही, घर बदला.

घर बदलायला काही अडचण नव्हती. माझ्या शेजारीच गावाबाहेर दोन खोल्या रिकाम्या होत्या, पुढे ओटा, तिन्ही बाजूंनी मोकळं शेत. वहिनी एकदा बघायला आल्या. आत गेल्याच नाहीत, ओट्यावर बसल्या आणि शेताकडे तोंड करून नुसता श्वास घेत राहिल्या. सर आत टेप घेऊन भिंती मोजत होते. भिंत पुरत होती, फक्त कपाट तिथपर्यंत यायला तयार नव्हतं.

मग सरांनी काय करावं? पुठ्ठ्याची खोली केली, पुठ्ठ्याचं दार केलं आणि मापात पुठ्ठ्याचं कपाट केलं. मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारून ते कपाट आडवं, तिरकं, उताणं करून दारातून काढून बघायचे. आम्हीही आमची अक्कल पाजळायचो. सगळी स्टाफरूम त्या खेळात रमली होती, मी खोटं कशाला बोलू. कोणत्याही कोनातून ते निघालं नाही. घरमालक म्हणाला भिंत फोडा, पण नवी चौकट, नवं दार आणि वरची तुळई तुमच्या खर्चानं. सरांनी आकडा काढला आणि यंदा न्हाई, पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. पुढच्या वर्षी सिमेंट महागलं. त्याच्या पुढच्या वर्षी मालकानं भाडं वाढवलं, कारण भाडेकरू कुठं जात नाही हे त्यालाही कळलं होतं.

मध्येच सरांना मुख्याध्यापकाची बढती आली, सेनगावकडच्या शाळेवर. त्यांनी ती नाकारली. अर्जात कारण लिहिलं, घरगुती अडचण. ती अडचण सात फूट उंच होती हे वरच्या साहेबांना कुठून कळणार? मी एकदा धीर करून म्हणालो, सर, कापून टाका ना. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काही घाणेरडं बोललो. म्हणाले, तिच्या बापाचं झाड हाय ते. मी कोण कापणारा? पुढे मी तो विषय काढला नाही. मोठ्या माणसाचा मान ठेवला असं मी स्वतःला सांगायचो, खरं तर मला वाईटपणा नको होता.

कार्तिकात एकदा वहिनी दुपारच्या आमच्याकडे आल्या. गावाबाहेरपर्यंत चालत आलेल्या, ओट्यावर बसून पाच मिनिटं बोलता आलं नाही. मग म्हणाल्या, "भाऊजी, पाच तारखेला त्यांचं कळमनुरीला प्रशिक्षण हाय. त्या दिवशी मिस्त्री आन् टेम्पो पाठवा. तुमच्या शेजारच्या खोल्या परत रिकाम्या झाल्यात, त्यांचं भाडं मी देऊन आले."

मी विचारलं, सरांना सांगितलंय का? त्या म्हणाल्या, त्यांना सांगितलं की ते माप घेत बसतील.

पाच तारखेला मी रजा टाकली. मिस्त्री तोच आणला, ज्यानं ते बनवलं होतं. तो करवत घेऊन कपाटासमोर उभा राहिला आणि हात फिरवत राहिला. म्हणाला, वहिनी, आसं काम मी पुन्हा केलं न्हाई, दुसरा कोनी बघा. वहिनी खाटेवर बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून.

"माझ्या बापानं झाड राखलं ते लेक सुखात राहावी म्हणून," त्या म्हणाल्या. "तिला कोंडाया न्हाई राखलं. काप तू."

मिस्त्रीनं कापलं. वरपासून खालपर्यंत, मधल्या फळीच्या कडेनं. जे सात वर्षं अडलं होतं ते तासाभरात झालं. दोन तुकडे दारातून इतक्या सहज गेले की मला लाज वाटली. खिडकी उघडी पडली आणि खोलीत उजेड आला, तसं भिंतींना किती हळद चिकटली होती ते दिसलं.

चारच्या बसनं सर आले तेव्हा टेम्पो भरून उभा होता. वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या. सरांनी टेम्पोत बघितलं. त्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, मिस्त्रीला म्हणाले, करवत सरळ चालली, आणि जिना चढून वर गेले.

बराच वेळ झाला तरी खाली येईनात, म्हणून मी वर गेलो. ते रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते.

"तुमी व्हा पुढं," ते म्हणाले. "भाडं महिन्याअखेरपर्यंत भरलंय. मालकाला फुकट देऊ का?"

मी म्हणालो, वहिनी गाडीत बसल्यात. ते म्हणाले, दिसल्या मला. मला इतका राग आला की त्यांना दंडाला धरून खाली न्यावं असं वाटलं. नेलं नाही. खाली येऊन वहिनींना सांगितलं, तर त्या ड्रायव्हरला चला म्हणाल्या.

मग सुरू झाला तो विचित्र संसार. वहिनी माझ्या शेजारी, सर गिरणीवरच्या रिकाम्या खोलीत. शाळेत ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे, कारण मिस्त्री कुणी बोलावला ते त्यांना कळलं होतं. वहिनी रोज माझ्या हाती डबा द्यायच्या, सर तो घासून परत पाठवायचे. डब्यात कधी चिठ्ठी नसायची, निरोप नसायचा. गावात लोक काय म्हणाले ते मी लिहीत नाही, तुम्ही गावात राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या काही रात्री भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा. मला वाटायचं, एवढं करून काही उपयोग झाला नाही तर ह्या पापात मीही भागीदार आहे.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, वहिनी ओट्यावर उभ्या दिसल्या. तोंड धुऊन, केस विंचरून. म्हणाल्या, भाऊजी, काल रात्री एकडाव बी खोकला न्हाई आला. एवढं बोलून त्यांनी डबा पुढे केला. मी डबा घेतला आणि गाडीवर तडक सरांकडे गेलो.

सर खिडकीपाशी उभे राहून दाढी करत होते. मी डबा खाली ठेवला आणि सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"एकडाव बी न्हाई?"

"एकदाही नाही. त्यांनीच सांगितलं."

अर्ध्या गालाला साबण तसाच राहिला. ते म्हणाले, "मी जागाच असायचो, सर. सात वर्षं. तिला वाटायचं मी झोपून राहिलो. ती खोकायची आन् मी भिंतीकडं तोंड करून दाराचं माप काढायचो." मग म्हणाले, "इथं बारा रात्री तिचा आवाज न्हाई. मला डोळा लागंना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी बघू नये म्हणून मी खाली वाकून त्यांची वळकटी बांधायला घेतली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः बांधली, मग टॉवेलनं गाल पुसला. खाली गिरणीच्या शटरपाशी घरमालक उभा होता. सरांनी किल्ली त्याच्या हातात दिली. मालक म्हणाला, सर, अजून तेरा दिवसांचं भाडं भरलेलं हाय तुमचं.

"राहू द्या," सर म्हणाले.

वळकटी मांडीवर घेऊन ते माझ्या गाडीवर मागे बसले. बाजारपेठ मागे पडली. रस्ता मोकळा लागला तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सर, जरा जोरात घ्या."