माळ्यावरची पावडर

फावड्याने म्हातारपणी माळ्यावर बाई ठेवली आहे, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा कुणी आणली ते सांगण्यात अर्थ नाही. बातमी आणणारी अजून हयात आहे आणि तिची जीभही. पण पुरावा भक्कम होता. निवृत्त झालेला, टक्कल पडलेला, घरात चांगली बायको असलेला माणूस कॉस्मेटिक्सच्या दुकानात जातो, काळी आयशॅडो घेतो, तपकिरी पावडर घेतो, गालांना लावायचा मऊ ब्रश घेतो, आणि पिशवी कोटाखाली लपवून घरी येतो. दुकानवालीने गोड आवाजात विचारलं, "रंग कसा आहे हो त्यांचा?" तर हा म्हणाला, "काळाच आहे. पण उजळायचा नाहीये, आणखी मळकट दिसला पाहिजे." आता यावर गल्लीने काय समजायचं?

फावड्या हे नाव ठेवलं त्याच्या ड्रायव्हरने. हा वाफेच्या इंजिनावर फायरमन, फावड्याने भट्टीत कोळसा टाकण्यात उमेदीची वर्षं गेलेली. ड्रायव्हर होता काकूंचा, म्हणजे याच्या बायकोचा, सख्खा थोरला भाऊ. त्यामुळे नात्याची रोज कसरत. इंजिनावर तो ओरडायचा, "अरे ए फावड्या, झोपलास का? वाफ उतरली!" आणि बहिणीच्या घरी आला की तोच हात चोळत म्हणायचा, "भाऊजी, तुम्ही आधी बसा." फावड्या घरी सगळं वसूल करायचा. तहान नसली तरी मेहुण्याला पाणी आणायला पिटाळायचा. काकू स्वयंपाकघरात तोंड दाबून हसायच्या.

मग डिझेल आलं. ड्रायव्हर प्रशिक्षणाला गेला आणि पांढरा शर्ट घालून परत आला. डिझेलला ना भट्टी, ना कोळसा. फावड्याला शेजारच्या खुर्चीत मदतनीस म्हणून बसायचं होतं.

"नुसतं बसायला मी काय पाहुणा आहे?" म्हणत त्याने स्टोअरमध्ये बदली मागून घेतली.

"मग जा कोळशाबरोबर भंगारात!" ड्रायव्हर बोलून गेला. बोलला आणि जीभ चावली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. त्यानंतर भाऊ काही त्या घराची पायरी चढला नाही. काकू एकट्याच त्याच्याकडे जायच्या, एकट्याच यायच्या. दोन्ही घरांत "तो कसा आहे?" असं कुणी विचारत नसे, मात्र त्या बोलू लागल्या की दोन्ही घरांत रेडिओचा आवाज बारीक व्हायचा.

निवृत्तीनंतर फावड्या माळ्यावर छोटी रेल्वे बांधत बसायचा, एवढं काकूंना ठाऊक होतं. गुडघ्यांमुळे त्या शिडीच्या वाटेला जात नसत. पण शेजारणीने तिखटमीठ लावून पावडरीची गोष्ट सांगितली, तेव्हा गुडघे मुकाट्याने वर चढले.

वर फळीवर फावड्या आणि ड्रायव्हरचं जुनं इंजिन शेड मांडलेलं होतं. कोळशाचे ढीग, पाण्याचा उंच नळ, खिडक्यांना काडेपेटीच्या काड्यांच्या चौकटी. मधल्या रुळावर हातभर लांबीचं वाफेचं इंजिन, आणि फावड्या त्याच्या तोंडाला पावडर फासत होता.

"अहो, हे काय चाललंय?"

फावड्या दचकला. "शेवटच्या वर्षातलं आहे हे. तेव्हा इंजिनं कुणी पुसत नव्हतं. जायचीच होती, कोण पुसणार? मी चकचकीत रंगवलं आणि मग खोटं वाटायला लागलं."

"म्हणून असं थापायचं? भिंतीला चुना लावताय का?" काकूंनी ब्रश हिसकावला, मनगटावर झटकला आणि बॉयलरवरून हलकेच फिरवला. काजळी अशी हुबेहूब उतरली की फावड्याला खोकलाच आला. शेजारचा रूळ मात्र रिकामा होता.

"इथे काय?"

"डिझेल."

"मग करा की."

"कसं करू? रंग ठाऊक नाही, दारं किती ते ठाऊक नाही."

"वर्षभर तुमच्या शेजारी उभं होतं!"

"होतं ना," फावड्या खाली बघत म्हणाला. "मी मान फिरवून जायचो."

 आठवड्याने काकू भावाकडे गेल्या, तर तोच बातमी ऐकून धुमसत होता. "अगं, लोक बोलतात ते खरं?" काकूंनी नाक ओढलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी काय सांगू, दादा? तूच वर जाऊन बघ."

तो दुसऱ्याच दिवशी काठी घेऊन आला आणि शिडीवरून गरजला, "कुठे आहे ती?"

फावड्या स्टुलावरून उठला. ड्रायव्हर आधी त्याच्याकडे बघायला लागला, मग फळीकडे. काठी भिंतीला टेकली. वाकून त्याने वाफेच्या इंजिनात डोकावलं. आत दोन माणसं होती, एक वाकलेला, एक ओरडणारा.

"मी इतका जाडा होतो?"

"होतात की."

"आणि माझं डिझेल कुठाय?"

"ते मी बघितलं नव्हतं," फावड्या म्हणाला. "कधीच."

खाली काकू शिडीला कान लावून उभ्या होत्या. 

"हिरवं होतं," ड्रायव्हरचा आवाज आला. "कडेने लाल पट्टा. आत दोन खुर्च्या. डावीकडची तुझ्यासाठी साहेबाकडे मागून घेतली होती मी."

"तिथे बसून काय करायचं होतं? आग नव्हती."

"गप्पा मारायच्या होत्या, फावड्या! इतकी वर्षं त्या भट्टीच्या गोंगाटात एकमेकांवर ओरडलोच फक्त."

 फावड्याने स्टूल मेहुण्याकडे सरकवलं आणि स्वतः खोक्यावर बसला.

पुढच्या आठवड्यात दोन म्हातारे कॉस्मेटिक्सच्या दुकानात लाल नेलपॉलिशच्या छटेवरून कडाकडा भांडले, आणि गल्लीने ठरवलं की माळ्यावर आता दोन बाया आहेत.

माळ्यावर बाई नव्हती. पावडर वाफेच्या इंजिनाला लावली. नेलपॉलिश डिझेलच्या पट्ट्याला लागलं.