दर्शनाच्या चकतीवरची धूळ

माझा धाकटा भाऊ जानू रत्नागिरीजवळच्या चिरेखाणीत जांभा दगड कापतो. कपडे, भुवया, नखं, सगळा माणूस लाल. त्याची मुलगी दर्शना कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि डॉक्टरेट करत होती. मी कोयना प्रकल्पाच्या अलोऱ्याच्या वसाहतीत कारकुनी करून निवृत्त झालेला. तिचं काम माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला, पण पोरीनं कंटाळा केला नाही.

काम असं. दोन-तीन धातूंच्या मिश्रधातूचा थर सिलिकॉनच्या नखाएवढ्या चकतीवर बसवायचा, तोही हवा काढून टाकलेल्या भांड्यात, आणि डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ. त्या थरातल्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनची, म्हणजे प्रत्येकातल्या इवल्याशा चुंबकाची, दिशा हीच नोंद. वीज गेली तरी ती दिशा तशीच राहते, म्हणून संगणकाची मेमरी त्यावर करता येते. अट एकच, थर तापला तरी त्याचं चुंबकत्व जाता कामा नये.

दर्शनाच्या थराचं गेलं नाही. तिचे मार्गदर्शक सर हरखले. शोधनिबंध लिहून झाला, पदवी त्याच्यावरच अवलंबून होती. जानूनं खाणीवर पेढे वाटले. ती कॉलेजात असली की हा तिच्या घरच्या टेबलावरची डबी उघडून चकत्या आल्यागेल्याला दाखवायचा. लेकीचं कौतुक हो, दुसरं काय!

निबंध पाठवायच्या आधी खात्री म्हणून तिनं त्याच डबीतली कोरी चकती मोजली. थर नसलेली. तिच्यातही चुंबकत्व निघालं. सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर लाल कण. जांभ्यात लोखंड असतं, ते तापलं म्हणून सहजासहजी चुंबकत्व सोडत नाही. मग तिनं स्वच्छ जागी नवा थर करून तापवला. चुंबकत्व गेलं.

सर म्हणाले, आत्ता पाठवून देऊ, पुढचं पुढे बघू. हिनं निबंध पाठवलाच नाही. डॉक्टरेटची मुदत संपली, नोंदणी रद्द झाली. मला तिचा रागच आला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं घासलीस, आणि शेवटी हातात काय?

घरी तिनं कारण सांगितलं नाही. जानूनंच विचारलं, माझ्यामुळं झालं काय गं? तिला खोटं बोलता येत नाही. तिनं डबी उचलून कपाटात ठेवली, आणि त्याला कळलं.

त्या दिवसापासून जानू खाणीवरून आला की विहिरीवर अंघोळ करायचा आणि तरीही उंबऱ्याबाहेरच बसायचा. जेवण बाहेर, बोलणं बाहेरून. माझं डोकंच फिरलं. आमचा आजा लोकांच्या अंगणाबाहेर उभा राहायचा, वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घ्यायचा. छप्पन साली धम्म घेऊन आमच्या बापानं ते सोडलं. आणि माझा भाऊ स्वतःच्या लेकीच्या दाराबाहेर! मी वाट्टेल तसं बोललो. तो ऐकेना.

शेवटी दर्शना बाहेर आली. म्हणाली, "बाबा, कोरी चकती आधी मोजायची ती मी नंतर मोजली. चूक माझी आहे. आपल्या घरात कुणी उंबऱ्याबाहेर बसायचं नाही."

"आणि पुन्हा बिघडलं तर?"

"तर पुन्हा करीन. नाव परत नोंदवतेय मी."

जानू उठला. आत आला, तिच्या टेबलाशी बसला. ती नवीन चकत्या दाखवत होती आणि तो मान पुढे करून बघत होता. दोन्ही हात मात्र त्यानं पाठीमागे घट्ट धरले होते.