निबंधातलं शिमला

हर्षदा बोरसे शिमल्याला दोनदा, केरळला एकदा आणि ताजमहाल बघायला तर घरच्या सगळ्यांना घेऊन जाऊन आली आहे, असं पेरू देशातल्या रोसारिओबाई दोन वर्षं धरून चालल्या होत्या. प्रत्यक्षात आमची हर्षदा सुरत सोडून नंदुरबारच्या पलीकडे कधी गेली नव्हती. यात अर्धा दोष माझा, हे आधीच सांगून टाकतो.

मी भामरे सर. सुरतेत उधन्याच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं मराठी आणि इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त होऊन डिंडोलीत अलकाच्या, म्हणजे बायकोच्या, धाकात राहतो. हर्षदा माझ्या शेवटच्या वर्गांतली. वडील सुकदेव कापडाच्या लूमवर कारागीर, आई भागीरथी घरी बसून साड्यांना टिकल्या लावते. पोरगी वीस वर्षांची, पलसाण्याच्या एका मिलच्या ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळते. मिलचं कापड दक्षिण अमेरिकेत जातं आणि तिकडून स्पॅनिशमध्ये ईमेल येतात. ते वाचायला साहेब दर वेळी बाहेरचा माणूस शोधतात, हे तिने पाहिलं आणि कुणाला न विचारता फोनवर स्पॅनिश शिकायला बसली.

रोसारिओबाई तिला इंटरनेटवरच भेटल्या. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, त्यांना इंग्रजी सुधारायचं होतं. दोघींनी सरावाची एक पद्धत ठरवली. दर आठवड्याला एकीने आपल्या प्रवासातला अनुभव स्पॅनिशमध्ये सांगायचा, दोन-तीन वाक्यांनी थांबायचं आणि दुसरीने तो तिथल्या तिथे इंग्रजीत आणायचा. पुढच्या आठवड्यात उलट. भाषांतर करणारीने 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही, 'मी' म्हणूनच बोलायचं. प्रवासाचाच विषय का, तर त्यात रस्ता विचारणं, जेवण मागणं, चुकणं, आजारी पडणं, सगळं येतं.

हर्षदाच्या खोलीच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना, त्या खडखडाटात स्वतःचं मराठीही ऐकू येत नाही. म्हणून रविवारी सकाळी सातला ती आमच्याकडे यायची. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असायची. पहिल्याच रविवारी तिने मला विचारलं होतं, "सर, मी तर कुठे गेलेलीच नाही. काय सांगू?"

मी म्हणालो, "अगं, 'माझा अविस्मरणीय प्रवास' लिहायचीस ना? तसं सांग."

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही यात वावगं वाटणार नाही. ज्यांची सहल कधी उकाईच्या धरणापुढे गेली नाही अशी पोरं दरवर्षी थंड हवेच्या ठिकाणावर दोन पानं लिहितात. दाट धुकं, खळाळते झरे, सूर्योदयाची सोनेरी उधळण. मास्तर फळ्यावर नमुना लिहून देतो, पोरं उतरवून घेतात, दहापैकी नऊ. याला खोटं कुणी म्हणत नाही, याला निबंध म्हणतात. हर्षदाने तेच केलं. दोन वर्षं ती रोसारिओबाईंना निबंध सांगत राहिली, आणि त्या बिचाऱ्या खरंच अँडीज पर्वतात कुठे बस बंद पडली, कुठे उलट्या झाल्या, ते सांगत राहिल्या.

ऑगस्टमध्ये बाईंनी आनंदाची बातमी दिली. त्या आणि त्यांच्या सहा मैत्रिणी डिसेंबरात दहा दिवस भारतात येणार. जयपूर, आग्रा, केरळ. गाइड इंग्रजी बोलणार, मैत्रिणींना फक्त स्पॅनिश येतं. तर मध्ये दुभाषी म्हणून हर्षदानेच यायचं. ती तर सगळीकडे जाऊन आलेली! काम नीट झालं, तर त्यांच्या ओळखीच्या प्रवासी कंपनीला पत्र देऊन तिला कायमचं काम मिळवून देऊ, असंही त्या म्हणाल्या.

फोन बंद झाला तेव्हा पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सर, मैं तो गई," एवढंच ती म्हणाली.

मला खरं तर तिथेच शहाणपण सुचायला हवं होतं. पण मास्तर सुधारतो थोडाच! मी म्हणालो, "चार महिने आहेत. व्हिडिओ बघ, पाठ कर, कुणाला कळतंय?" आणि मीच तिला आग्र्याचे व्हिडिओ काढून देऊ लागलो.

त्यानंतरचे रविवार मी विसरणार नाही. बाई आता तयारीसाठी बारीकसारीक विचारू लागल्या. ताजमहालाच्या रांगेत किती वेळ उभं राहावं लागतं? चपला कुठे ठेवतात? एका मैत्रिणीचा गुडघा दुखतो, तिला बसायला जागा आहे का? संडास कुठे आहे? हर्षदा माझ्याकडे बघायची, मी अलकाकडे. निबंधात संडास नसतो. ती म्हणायची, "आठवत नाही." तिसऱ्यांदा 'आठवत नाही' म्हणाली तेव्हा बाईंनी प्रश्नांची यादी बाजूला ठेवून दिली.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी सुकदेव माझ्या दारात आला. आत यायला तयार नाही. "सर, पोर दोन दिनपाईन धड जेवत नई शे. मिलमाबी जात नई. माले काही सांगत नई. तुम्हीच इचारा तिले."

काय विचारणार? मला तर सगळं माहीत होतं. सात बायकांची तिकिटं निघाली होती. खरं सांगितलं, तर काम जाणार, बाई जाणार, आणि दोन वर्षांत जोडलेलं एकुलतं एक माणूस तोंड फिरवणार. नाही सांगितलं, तर जयपूरच्या पहिल्याच चौकात सात जणींसमोर शोभा होणार. त्या रात्री मला झोप लागली नाही. अलका अंधारातच म्हणाली, "तुम्ही पोरीला बुडवलंत."

रविवारी हर्षदा आली ती ठरवूनच आली होती. डोळे सुजलेले. मी नेहमीप्रमाणे तिच्या शेजारी, पण पडद्यात दिसणार नाही असा बसलो. सांगायची पाळी तिचीच होती. तिने स्पॅनिशमध्ये सुरुवात केली, थांबली, आणि रोसारिओबाई इंग्रजीत बोलू लागल्या. मला स्पॅनिश येत नाही. म्हणून जे कळलं ते बाईंच्या तोंडून कळलं, आणि त्या पद्धतीप्रमाणे 'मी' म्हणूनच बोलत होत्या.

"मी शिमल्याला गेलेली नाही," बाई म्हणाल्या. मग त्या अडखळल्या, पण पद्धत मोडली नाही. "केरळला नाही. ताजमहाल मी पाहिलेला नाही. मी एकच प्रवास केला आहे. तो पायी केला."

मी ताठ बसलो.

"मी चौदा वर्षांची होते. रोगाची साथ आली, कारखाने बंद झाले, गाड्या बंद झाल्या. आम्ही चौघं सुरतेहून गावाकडे चालत निघालो. मी, आई, वडील आणि आजी धुरपदाबाई. बारडोलीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता आणि सावली कुठेच नव्हती. व्यारा गावात एका बाईने अंगणाच्या भिंतीवर ताकाचं भांडं ठेवलं आणि भीतीने दार लावून घेतलं. आम्ही ताक प्यायलो. आई भांडं धुवायला लागली, तर ती बाई खिडकीतून ओरडली, राहू दे, तुमच्याकडे पाणी किती आहे? सोनगढला आजी खाली बसली आणि म्हणाली, तुम्ही पुढे व्हा. वडिलांनी तिला पाठीवर घेतलं. नवापूरपर्यंत ती पाठीवरच होती, आणि वाटभर मुलाची माफी मागत होती."

बाईंचा आवाज कापत होता. हर्षदाचा नव्हता. दारात अलका पदर तोंडाला लावून उभी होती.

"आम्ही सुरतेला परत आलो, शाळा उघडली, तेव्हा सरांनी निबंध दिला, माझा अविस्मरणीय प्रवास. मी हा प्रवास लिहिला. सरांनी लाल शाईने खाली लिहिलं, 'विषयाला धरून नाही. निसर्गवर्णन हवे होते.' दहापैकी तीन गुण दिले. तेव्हा मला समजलं, की याला प्रवास म्हणत नाहीत. मग मी फळ्यावरचं पाठ केलं. तुम्ही मला प्रवास विचारलात, तेव्हा मी फळ्यावरचाच सांगितला. मला माफ करा."

मला तो निबंध आठवत नव्हता. सत्तर वह्यांचा गठ्ठा असायचा, चहा पिता पिता मी तपासायचो. आठवत नव्हतं, पण ते वाक्य माझंच होतं. असं मी किती वह्यांवर लिहिलं असेल, देव जाणे.

मग बाई इंग्रजीतच, पण आता स्वतःच्या वतीने, सावकाश बोलल्या. "मला राग आला आहे. तो थोडे दिवस राहील. पण जागा गाइडला माहीत असतात. मध्ये उभं राहायला आम्हाला पदरचं काही न घालणारं माणूस हवं. आज तू काहीच घातलं नाहीस. डिसेंबरात ये."

मग बाईंनी स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. हर्षदा माझ्याकडे न बघता दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळी झाली.

"काय विचारलं गं त्यांनी?" मी हळूच म्हणालो.

"काही नाही, सर."

"सांग."

तिने मान खाली घातली. "ते सर आता कुठे असतात, असं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही."

मी खुर्ची सरकवली आणि पडद्यासमोर जाऊन बसलो.