माय कोण, ताई कोण

एका शब्दापायी लेकरू आईला मुकेल, असं कोणी सांगितलं असतं तर किन्हीराजा गावच्या भागिरथाबाईने त्याला वेड्यात काढलं असतं. पण झालं तसंच.

तिची लेक सपना विलायतेत नर्स. नवरा अपघातात गेला तेव्हा तिची पोर रूपा दीड वर्षाची होती. तिला भागिरथाबाईपाशी ठेवून सपना नोकरीवर गेली. पाच वर्षं रोज व्हिडिओ कॉल, वर्षाकाठी एक महिना सुट्टी. आता तिकडे घर मिळालं, शाळा ठरली, आणि पोरीच्या व्हिसासाठी अर्ज गेला.

मालेगावात वकिलाच्या ऑफिसात पोरीची फोनवर मुलाखत झाली. तिकडे साहेब, मध्ये दुभाषा. भागिरथाबाईला बाहेर बसवलं. साहेबाने विचारलं, तुझी माय कुठे आहे? रूपा म्हणाली, "बाहीर बसली." मग सपना कोण? "ताई व्हय माही."

खरंच बोललं की लेकरू! सपना भागिरथाबाईला माय म्हणते, म्हणून रूपाचीही ती माय. मामा रविकांत सपनाला ताई म्हणतो, म्हणून रूपाचीही ती ताई. आमच्याकडे घरोघरी हेच. पण दुभाष्याने शब्दाला शब्द ठेवला अन् मोकळा झाला. जन्मदाखला जोडला होता, तो कोणी उघडून तरी पाहिला का? पत्र आलं : मुलीची आई भारतात आहे, अर्ज करणारी बहीण दिसते, सबब मुलीने आईजवळच राहणं तिच्या हिताचं.

हित म्हणे! भागिरथाबाईचं टाळकंच सरकलं. ती वकिलावर उखडली, "हिताचं एवढं पुराण सांगतेत, तं तुले जनम कोनं देल्ला, एवढं पोरीले इचाराले काय झालतं त्याहिले?" वकील बिचारा खाली मान घालून म्हणाला की अपील केलंय, पुन्हा मुलाखत होईल, तोवर पोरीची सवय मोडा.

तेव्हापासून घरात माय म्हणणं बंद. रूपा चुकली की भागिरथाबाई ओ देत नाही. आपल्याच नातीपुढे बहिरं व्हायचं, हा कुठला कायदा? पण करते काय!

परवा रूपा शाळेतून येताना पडली. गुडघा फोडून दारात उभी राहिली अन् माय, माय करून रडायला लागली. भागिरथाबाई चुलीपुढे पाठ करून बसली होती. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण वळली नाही. पोर हळूहळू गप झाली. मग शेजारच्या घरी काही मागायला गेल्यासारखी दबकत म्हणाली, "आजी, मले लागलं."