माझं रक्त, माझ्या भांगात

रक्ताची नळी गरगर फिरवणारं यंत्र थांबलं आणि डॉक्टरबाईंनी नळी उजेडात धरली. माझं लाल रक्त तळाशी बसलं होतं, वर पिवळसर द्रव उरला होता. हीच पीआरपी, केस उगवावेत म्हणून रक्तातून वेगळी काढलेली प्लेटलेट्सची लस; ती आता माझ्या रुंदावलेल्या भांगात टोचायची होती.

"केस येतीलच असं नाही," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

सकाळी निघताना जाऊबाई हसल्या होत्या. "या वयात कोणाला दाखवायचंय?"

सासूबाईंच्या ऑपरेशनला याच हातातून बाटलीभर रक्त दिलं, तेव्हा माझं वय कोणाला आठवलं नव्हतं. बाईने दुसऱ्यासाठी रक्त दिलं की कौतुक होतं, स्वतःसाठी काढलं की ते नखरे ठरतात. ठरू देत.

पहिल्याच सुईला डोळ्यांत पाणी आलं.

"थांबू का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मी डोकं आणखी पुढे केलं.